उमरीकर सरांचे तीन दिवस

श्रीकृष्ण उमरीकर आमच्या घाटंजीच्या कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते आणि त्यातली सव्वीस वर्षं ते लोखंडाच्या एका कोष्टकात अडकून पडले होते. मी तिथला ग्रंथपाल. त्यांना हवे असलेले लेख पुण्याहून टपालानं मागवणं, आले की झेरॉक्स काढून ठेवणं आणि वेळ पडली तर त्यांचं बोलणं ऐकून घेणं ही माझी कामं. पहिल्या दोन कामांचा मला पगार होता. त्या कोष्टकाबद्दल मला जेवढं कळतं तेवढं आमच्या प्राचार्यांनाही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची त्यांना हौसही नव्हती.

कोष्टक असं. सूर्याभोवती अतिशय विरळ, दहा-वीस लाख अंशांना तापलेला वायू असतो. आकाशात दूरवर याहूनही तापलेले वायूचे ढग आहेत. त्यांत थोडं लोखंड असतं. लोखंडाच्या अणूत सव्वीस इलेक्ट्रॉन. एवढ्या उष्णतेत सुटे इलेक्ट्रॉन सैरावैरा धावत असतात, ते अणूला येऊन धडकतात आणि त्याचा एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. याला आयनीभवन म्हणायचं. त्याच वेळी उलटंही चालू असतं. एखादा भटका इलेक्ट्रॉन अणूच्या तावडीत सापडतो आणि आत येऊन बसतो. हे पुनर्संयोजन. मोडणं आणि सांधणं दोन्ही एकदम चालू असल्यानं एका ठरावीक तापमानाला काही अणूंचे दहा इलेक्ट्रॉन गेलेले असतात, काहींचे तेरा, काहींचे सोळा, आणि प्रत्येकाचं प्रमाण ठरलेलं असतं. ते प्रमाण माहीत असलं की नुसत्या प्रकाशावरून तिथली उष्णता सांगता येते.

हे प्रमाण सर काढत होते. मोठमोठ्या लोकांनी ते आधीच काढलेलं आहे हे तेच सांगत. पण प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येतो, आणि तो वेगळा का येतो हे त्यांना हवं होतं. गावात कोणी विचारलं की सर, याचा उपयोग काय, तर ते म्हणत, काही नाही. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं.

माणूस यवतमाळच्या नोकरदार घरातला. वडील कचेरीत हेडक्लार्क, थोरला भाऊ बँकेत. सरांच्या पत्नी सुचित्रावहिनी पोस्टात. मुलगी आभा पुण्याला नोकरी करत होती आणि दर दिवाळीला आईवडिलांना पुण्याला न्यायची गोष्ट काढून रुसून परत जात होती. सर घाटंजी सोडायला तयार नव्हते. इथं लोक कामात व्यत्यय आणत नाहीत असं ते म्हणत. खरं म्हणजे इथं त्यांच्या कामाकडे कोणी बघतच नव्हतं, पण ते मी त्यांना कधी बोललो नाही.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. प्रयोगशाळेच्या फरशीवर ते खडूनं ओळीत सहा चौकोन आखत, मुलामुलींना त्यांत उभं करत आणि प्रत्येकाच्या हातात फोडलेले चिंचोके देत. चिंचोके टाकायचे, पांढरं-काळं कसं पडलं ते बघायचं आणि एक चौकोन पुढे नाहीतर मागे जायचं. पहिल्या चौकोनांत पुढे जाणं सोपं, शेवटच्यांत मागे येणं सोपं, असे नियम ते करून देत. सुरुवातीला नुसता गोंधळ. पण पंधरा-वीस डाव झाले की प्रत्येक चौकोनातली संख्या ठरून जायची. मधल्यात आठ, कडेला दोन. मुलं सारखी इकडून तिकडे जात असायची आणि आकडा मात्र हलत नसे.

मग सर सांगत, आकडा थांबला म्हणून माणसं थांबली असं समजू नका. प्रत्येक चौकोनाला दोन दारं आहेत. वरच्या दारानं गेला तो आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून बसला. खालच्या दारानं गेला त्याला एक परत मिळाला. नुसता ‘गेला’ असं लिहू नका, कुठल्या दारानं गेला ते लिहा. दरवर्षी हेच, याच शब्दांत. मला वाचनालयात बसून पाठ झालं होतं, कारण मधली भिंत अर्धीच होती.

रामधन राठोड हा त्यांचा विद्यार्थी. घाटंजीपासून नऊ किलोमीटरवर तांडा आहे, तिथला. बी.एस्सी.ला होता तेव्हा ‘पुढे काय’ या प्रश्नाला बाकीची मुलं डी.एड., पोलीस भरती असं काहीबाही सांगत, तर हा म्हणाला होता, सरांच्या कोष्टकात सोळाच्या रांगेत काहीतरी चुकलेलं वाटते, ते पाहाचं आहे. अमरावतीला एम.एस्सी. करून तो परत आला आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला. म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, तेही सरकारी आदेश निघाला तर. दरवर्षी जूनमध्ये त्याची नोकरी संपलेली असायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा लागायची. अशी अकरा वर्षं गेली. डोक्यानं तो आम्हा सगळ्यांच्या पुढचा होता हे मी शपथेवर सांगेन, आणि हे लिहितानाही मला संताप येतो.

सोळाच्या रांगेतली चूक त्यानं खरंच शोधली. अणूत शिरणारा इलेक्ट्रॉन कधी कधी आपली ऊर्जा आतल्याच दुसऱ्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकतो आणि तेवढ्या धांदलीत जागा धरून बसतो. सांधण्याची ही दुसरी रीत. सरांनी तिचा जो वेग धरला होता तो जुना, फार कमी होता. त्यामुळे सोळा इलेक्ट्रॉन गेलेलं लोखंड त्यांच्या कोष्टकात जरा जास्तच भरलं होतं. सरांची बारा वर्षांची पानं त्या एका आकड्यानं चुकीची ठरत होती. रामधननं दोन आठवडे ते पोटात ठेवलं. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, “सलीलभाऊ, सरले कसं सांगू? तुम्हीच सांगा ना.” मी म्हटलं, बाबा, ते तुझं तूच सांग.

त्यानं सांगितलं. सर तासभर त्याचे कागद बघत बसले, मग उठले, चौकातून पिशवीभर आलुबोंडे घेऊन आले आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाला वाटत सुटले. कसले, म्हणून प्राचार्यांनी विचारलं. सर म्हणाले, माझी चूक सापडली. तसा माणूस होता तो. त्यानंतर दोघांच्या नावानं एक लेख छापून आला. रामधनच्या घरी पत्र्याच्या पेटीत त्याच्या दोन प्रती होत्या आणि त्याची बायको जमनी ती पेटी पावसाळ्यात दोनदा उघडून वाळवी बघत असे.

त्या वर्षांत आमच्याकडे कापसाची काय गत झाली ते सगळ्या देशानं वर्तमानपत्रात वाचलं आहे. मी ते पुन्हा उगाळत नाही. माझी गोष्ट फवारणीच्या वर्षाची. त्या वर्षी आमच्या बाजूला कपाशी डोक्याच्या वर गेली. एरवी माणूस पिकावर फवारतो. त्या वर्षी पीक माणसाच्या वर होतं, फवारा उंच मारावा लागे आणि मारलेलं सगळं तोंडावर येई. गणपती उठले आणि दवाखान्यांत माणसं येऊ लागली.

रामधनचा आदेश अजून निघालेला नव्हता. रिकामाच आहे म्हणून त्यानं लागोपाठ दोन दिवस आपल्याच शेतात पंप पाठीवर घेतला. तोंडाला दुपट्टा बांधला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांपुढे धुकं. जमनीनं आणि तिचा भाऊ डोंगरसिंग यानं त्याला गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. तो सोमवार होता. मंगळवारी दुपारी सर आणि मी तिथं पोचलो.

वॉर्डात तीसेक माणसं, सगळी याच दुखण्याची. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा हवेतून दोरे ओढत होता, न संपणारे दोरे, आणि ते गुंडाळून बायकोच्या हातात देत होता. इंजेक्शननं असं होतं, बरळतात, मनावर घेऊ नका, असं तिथल्या सिस्टरनं सांगितलं. रामधन मात्र शुद्धीवर होता. ओठ कोरडे, बाहुल्या मोठ्या झालेल्या, पण आम्हाला ओळखून हसला. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. दोन दिवसांत पाठ टेकली नसावी. तिनं काही लपवलं नाही. आत्ता बरा दिसतोय, म्हणाली, पण या विषाचं असं की दोन-तीन दिवसांनी छातीचे स्नायू ढिले पडू शकतात. पडतीलच असं नाही. पडले तर श्वासाचं यंत्र लागेल, आणि आमची सगळी यंत्रं लागलेली आहेत. नागपूरला न्यायचा असेल तर आज न्या, स्वतः श्वास घेतोय तोवर. निर्णय तुमचा.

डोंगरसिंगनं क्रूझर आणून फाटकाशी उभी केली होती. जमनीला न्यायचंच होतं. पण नवऱ्याच्या सरांना विचारल्याशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. तांड्यातल्या एकाही माणसाच्या शब्दाला नव्हतं ते वजन सरांच्या शब्दाला होतं. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुम्ही सांगा. नेऊ का?”

जेवणाची गाडी आली होती आणि सर त्या गाडीकडे बघत होते. गाडी ढकलणारा फकिरा नावाचा माणूस. त्याच्या गळ्यात दोरीनं अडकवलेली एक छोटी पाटी होती, लहान मुलांची असते तशी. तीवर खडूनं लिहिलेलं: काल ३०, नवी ११, बंद १०, आज ३१. किती ताटं लावायची याची ती नोंद. सरांनी त्याला थांबवून विचारलं, रोजचं असं लिहून ठेवता का. फकिरानं खिशातून वही काढून दिली. पंधरा दिवसांचं लिहिलेलं होतं. सर वही घेऊन पायरीवर बसले आणि मी त्यांच्या शेजारी. फकिरा पलीकडे ताटं लावत उभा होता.

रोज साधारण दहा नवी, रोज साधारण दहा बंद, आणि वॉर्डात कायम तीस. सरांचा चेहरा सैल होत गेला. सकाळपासून तो माणूस घाबरलेला होता आणि आता त्याला ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. त्यांनी मला समजावलं. तीस ताटं, रोज दहा जातात, म्हणजे एक ताट सरासरी तीन दिवस राहतं. तीन दिवसांत माणूस इथून घरी जातो, सलीलराव. पंधरा दिवस आकडा हललेला नाही, चांगला समतोल चाललाय. मला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? मी ग्रंथपाल, मला एवढंच दिसलं की सर हसताहेत.

त्यांनी जमनीला सांगितलं, नेऊ नका. इथं माणूस तीन दिवसांत बरा होतो, आजचा दुसरा दिवस. खड्ड्यांच्या रस्त्यानं तीन-चार तास त्याला कशाला हलवता. जमनी म्हणाली की डॉक्टरीणबाई तर न्या म्हणते. सर म्हणाले, ती पोरगी घाबरलेली आहे.

मग आम्ही आत गेलो. सर खाटेवर बसले, रामधनचा हात हातात घेतला आणि त्याला ते गणित सांगितलं, ताटांचं, तिसाचं, दहाचं. त्याला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं. रामधन ऐकत होता. त्याची जीभ जड झाली होती. तो अडखळत म्हणाला, “सर, वरचं दार मोजलं काय?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारचा म्हातारा अजून दोरे ओढत होता. सिस्टरचं बोलणं आम्हा दोघांच्याही कानात होतं. आजारी पोराशी बोलावं तसं सर बोलले, “हो रे, मोजलं. सगळं मोजलं. झोप तू आता.”

रामधननं डोळे मिटले. जमनीला जवळ बोलावून तो त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि ती बाहेर जाऊन डोंगरसिंगला गाडी परत न्यायला सांगून आली. काय म्हणाला ते मी तिला पुढं कधीतरी विचारलं. सरांनी मोजलं आहे, आपण इथंच राहू, असं तो म्हणाला होता.

बुधवारी तो उठून बसला, चहा प्याला. सरांनी मला कॉलेजात फोन करून सांगितलं आणि फोनवर चक्क शीळ घातली. गुरुवारी सकाळी त्याला मान उचलता येईना, तसा मी पुन्हा दवाखान्यात गेलो. दुपारी श्वास उथळ झाला. ती डॉक्टर मुलगी यंत्रासाठी मजल्यामजल्यावर धावत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तिला कोणी बोल लावू नये. ते मिळेपर्यंत ती आणि दोन सिस्टर पाळीपाळीनं हातानं फुगा दाबून त्याला श्वास देत होत्या. चार वाजता त्या थांबल्या.

जमनीचा आक्रोश मी इथं लिहिणार नाही. डोंगरसिंग कागदांसाठी गेला. सर कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभे होते. सहाच्या सुमारास जेवणाची गाडी आली. फकिरा दाराशी थांबला, आत नजर टाकली, पाटीवरचा ‘बंद’ पुढचा आठ बोटानं पुसला आणि नऊ केला.

सर ते बघत होते. त्यांनी विचारलं, आमचा रामधन यात धरला का. फकिरा भला माणूस, त्यानं आधी पाटी उलटी केली, जणू तिच्यामुळेच काही झालं होतं. मग म्हणाला, “हो सर, धरा लागते. घरी गेला का, नागपूरले नेला का, मेला का, मले तं ताटच कमी करा लागते.”

सरांनी हात पुढे करून ती पाटी पुन्हा सुलटी केली. त्यांना काय कळलं ते मला कळायला आणखी काही क्षण लागले. बंद झालेलं प्रत्येक ताट त्यांनी घरी धाडलं होतं. आकडा थांबला होता आणि त्याच्या आड माणसं दोन्ही दारांनी जात होती. एकतीस वर्षं दर पावसाळ्यात त्यांनी पोरांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच त्यांनी केलं होतं, आणि ज्या एका माणसानं हटकलं त्याला बरळतोय समजून थोपटलं होतं. मीही तिथंच होतो. चौकोनांचं ते भाषण मला पाठ होतं. माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही, याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर सरांनी कोष्टकाची फाइल माझ्या कपाटात आणून ठेवली आणि दुसरंच काम हाती घेतलं. फकिराच्या वहीतल्या पंधरा दिवसांत एकशे अठ्ठेचाळीस ताटं बंद झाली होती. त्यातलं प्रत्येक ताट कुठं गेलं ते त्यांना हवं होतं. फकिराला बरीच गावं आठवत होती, काही नावंही; बाकीची गावोगाव विचारत काढायची होती. नोव्हेंबरपासून दर रविवारी आणि मिळेल त्या सुट्टीला सर वहिनींची स्कूटर काढत आणि मी मागे बसे. वहिनी रडल्या, भांडल्या, आभा पुण्याहून येऊन आठ दिवस राहिली, काही उपयोग झाला नाही. मी का जात होतो? एकटे गेले असते तर कुठल्यातरी वळणावर स्कूटरसकट खाली गेले असते अशी मला धास्ती होती.

बोरी अरबला एका घरी जाऊन आलो, मुकुटबनला दोन वेळा. कुठं माणूस समोर चांगला बसलेला असे आणि चहा देई. कुठं भिंतीवर हार घातलेला फोटो असे. बेबीताई नावाच्या एका बाईनं आम्हाला सरकारी माणसं समजून मुलाचे सगळे कागद पुढ्यात आणून ठेवले, आधार कार्ड, रेशन कार्ड, मतदार कार्ड, आणि आता काय मिळेल म्हणून विचारलं. सरांनी हात जोडले. काही मिळणार नाही, मी नुसता विचारायला आलो, म्हणाले. कायले, म्हणून तिनं विचारलं. त्यांनी ते कागद नीट रचून तिच्या हातात परत दिले. परतताना मी रागानं बोललो, की हे जे चाललंय ते मेलेल्याच्या घरी जाऊन खपली काढणं आहे. सर म्हणाले, “तुम्ही येऊ नका मग.” पुढच्या रविवारी मी पुन्हा मागे बसलो.

जानेवारी संपता संपता मोजणी पुरी झाली. एकशे अठ्ठेचाळीसपैकी एकशे एक घरी गेले, बहुतेक एक-दोन दिवसांतच, त्यांना फारसं काही झालेलंच नव्हतं. तेरा तिथंच दगावले. चौतीस नागपूरला नेले होते, श्वासाच्या भीतीनंच नेलेले. त्या चौतिसांतले एकोणतीस परत आले.

मला वाटलं आता तरी हे संपलं. पण सर म्हणाले, आता जमनीकडे जायचं. मी त्यांना हरप्रकारे विनवलं. म्हटलं, सर, तिला माहीत नाही, निदान नशिबावर टाकून ती झोपते तरी. हे सांगून तुमचं ओझं कमी होईल आणि ते तिच्या डोक्यावर जाईल. सर म्हणाले, तिनं मला प्रश्न विचारला होता आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर तिचं आहे, माझ्याजवळ ठेवायचा मला अधिकार नाही. त्यांचं चुकत होतं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तांड्यावर गेलो तेव्हा दुपार होती. घरात कापूस आढ्यापर्यंत भरला होता, तो विकायला अजून कोणाला सवड झाली नव्हती. जमनी त्यालाच टेकून बसली होती. तिनं पाणी दिलं. सरांनी प्याला हातात धरून सगळं सांगितलं, काही न गाळता. ताटं कशी मोजली, कुठं चुकलं, रामधननं काय विचारलं आणि आपण त्याला काय सांगितलं. मग ते तीन महिने, ती गावं, ते आकडे. मी जमिनीकडे बघत बसलो होतो.

तिनं मधे एकच विचारलं. “म्हंजे नागपूरले नेलं असतं तं?”

“बहुतेक वाचला असता,” सर म्हणाले. “चौतीस नेले, त्यातले एकोणतीस परत आले.”

जमनी रडली नाही. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं, आणि ते तिला समजत नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “एवढे गावं फिरले तुम्ही. येवढ्या लोकाईच्या घरी गेले. त्या दिवशी तो ताटवाला तुमच्या बाजूलेच उभा होता. हे ताटं कुठी जातेत म्हणून त्याले एक डाव विचारलं काहून नाही?”

सरांनी प्याला खाली ठेवला. मला वाटलं ते आता काही समजावतील, त्यांची ती जन्माची खोड. त्यांनी तोंड उघडलंही. मग म्हणाले, “नाही विचारलं.”